हलतं पाणी

गाडी बंद पडली तेव्हा तिला आधी हलकं वाटलं. भीती मागून आली, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी दारातच घुटमळत. बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघत होती, कसलासा करपट-गोड वास आत शिरत होता, आणि समोरच्या तबकडीवरचा उष्णतेचा काटा लाल खुणेला डोकं टेकून निपचित पडला होता. तो केव्हा तिथवर चढला हे तिने पाहिलंच नव्हतं. शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेत, रंगाची जुनी पांढरी बादली होती. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली, आत काठाशी येईतो पाणी, आणि पाण्यात नवऱ्याचा मासा. दिराचं गाव अजून पुढे होतं. घर त्याहून कितीतरी मागे राहिलं होतं. मधल्या या सरळसोट रस्त्यावर रविवारची सकाळ तापत चालली होती, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून बसलेल्या तिच्या मनात कुठूनसा एक शब्द उमटला. सुटले. तिने तो चटकन मागे सारला, पण उमटायचा तो उमटून गेला होता. गाडी बंद पडली, ऊन चढलं, मासा गेला. यात कुणाचा काय दोष? दीर म्हणाला असता, वहिनी, तुम्ही तरी काय करणार. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या असत्या, गेलं बिचारं धन्यामागे. आणि तिचा हात कुठेच दिसला नसता.

नवरा वीजकेंद्रात होता. काट्यांकडे बघायची नोकरी. भिंतभर तबकड्या, प्रत्येकीत एक काटा, आणि पाळीभर त्या काट्यांवर नजर ठेवून बसलेला तो. काटा हलला तर काम. नाही हलला तर गप्प बसणं हेच काम. ती गप्प बसायची सवय तो डब्यासारखी घरी घेऊन यायचा. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात कापड बेतायला होती. मोठ्या मेजावर कापडाचे थरांवर थर अंथरायचे, वर खडूने बाह्या-पाठी आखायच्या, हातात जाळीचा लोखंडी मोजा चढवायचा आणि यंत्राची उभी सुरी त्या थरांतून फिरवायची. दिवसभर कानात घरघर. घरी आल्यावर तिला कुणीतरी बोलायला हवं असायचं, काहीही, पाऊसपाण्याचं, शेजारणीचं, चालेल काहीही. तो विचारल्याचं उत्तर द्यायचा. वाईट बोलायचा नाही. उभ्या संसारात त्याने कधी आवाज चढवला नाही, हे तिच्या माहेरी कौतुकाने सांगितलं जाई, आणि ती मान डोलवायची, कारण चढवला नाही हे खरंच होतं. पण रात्रीची भांडी घासायला ती मोरीशी वळली की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा. बारीक, सलग, घशातल्या घशात. तो काचेच्या पेटीसमोर स्टूल ओढून बसलेला असायचा आणि माशाशी बोलत असायचा. नळ बंद करून तिने कितीदा तरी कान दिला होता. शब्द कळायचे नाहीत. ती ओले हात पुसत दारात आली की तो आवाज विझायचा; तो वळून विचारायचा, "झालं आवरून?" एवढंच. तिच्या वाटणीचं बोलणं त्या मुक्या प्राण्याच्या पोटात साठत गेलं, असं तिला वाटायचं. मासा वाढत गेला. आणला तेव्हा अंगठ्याएवढा, संत्र्याच्या सालीच्या रंगाचा. पुढे तळहाताहून मोठा झाला, रंग उतरून दुधाळ पडला, डोळ्यांभोवती तेवढी केशरी कड राहिली. त्याला नाव नव्हतं. नाव ठेवलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं; निदान काय म्हणून हाक मारतो ते कळलं असतं.

नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा दीर घरी आला होता. त्याचं चष्म्याचं दुकान, सगळा दिवस दुसऱ्याच्या डोळ्यांत बघण्यात जायचा, पण तिच्याकडे बघून बोलणं त्याला कधी जमलं नाही. पेटीकडे बघतच तो म्हणाला, "वहिनी, राग येणार नसेल तर... हा मला द्याल?" ती लगेच हो म्हणाली, इतकं लगेच की दोघंही दचकले. मग फोनवर त्याने पुन्हा पुन्हा बजावलं. नवी पेटी आणून ठेवलीय, पाणी मुरवत ठेवलंय, हवेचा पंप लावलाय, तुम्ही फक्त मासा आणा. आणि हो, आदल्या रात्रीपासून त्याला काही खायला घालू नका, वाटेत पाणी नासतं. तिने ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. आणि आज सकाळी निघताना डबीतली चिमूट, नेहमीपेक्षा भरीची चिमूट, तिने पाण्यावर सोडली होती. त्या घरातून कुणी उपाशीपोटी बाहेर पडलेलं नाही. सासूबाई मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा तोंडात काही टाकल्याशिवाय जिना उतरू द्यायच्या नाहीत. नवऱ्याला शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हाही, गाडी खाली येऊन उभी असताना, तिने त्याला दोन घास भरवले होते आणि त्याने ते गिळले होते. तेव्हा हात सवयीने गेला, असं म्हणता आलं असतं. ती तसंच म्हणत होती. पण बादली उचलताना मनात काय होतं? चिमूट भरीची का होती? कापड बेतताना खडूची रेघ जिथे ओढली तिथूनच सुरी जाते; या रेघेच्या अलीकडे सवय आणि पलीकडे दुसरं काहीतरी, आणि सुरी नेमकी कुठून गेली ते तिला सांगता येत नव्हतं. मासा बादलीत घेतल्यावर ती पेटी धुवायला म्हणून चौरंगावरून उतरवायला गेली, तर काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. तेव्हाही तिला फारसं काही वाटलं नव्हतं.

टप्, असा आवाज झाला. मग पुन्हा. तिने वाकून झाकण काढलं. मासा वर आला होता. तोंड पाण्याबाहेर काढून तो उघडमीट करत होता, दर खेपेला रिकाम्या हवेचा घास घेत, आणि कल्ले इतके जोरात हलत होते की पाण्यावर बारीक सुरकुत्या उठत होत्या. पाणी गढुळलं होतं. बोट घातलं तर कोमट लागलं. आणि मग घुटमळणारी भीती एकदम आत आली. ती त्याच्यासाठी होती की स्वतःसाठी, हे बघायला वेळ नव्हता. ती खाली उतरली, बादली उचलून गाडीच्या सावलीत ठेवली, पण सावली टीचभरच होती. गाड्या भर्रकन जात होत्या. हात दाखवून कुणाला तिने आयुष्यात थांबवलं नव्हतं. हात खांद्यापर्यंत उचलला जायचा आणि पदर सारखा करून खाली यायचा.

"ताई, गाडी बिघडली का? की उगीच सावली देताय तिला?"

रस्त्यापलीकडे हिरवी जाळी ताणलेली रोपवाटिका होती. तिथली बाई, साठीच्या पुढची, साडी खोचून, हातात पाण्याची नळी तशीच धरून काठाशी आली होती. नळीतून पाणी तिच्या पायावर वाहत होतं.

"मासा आहे," ती म्हणाली. दुसरं काही सुचेना. "मासा आहे हो बादलीत. मरतोय."

बाईने दोन्हीकडे बघितलं, नळी टाकली आणि रस्ता ओलांडून आली. बादलीत डोकावली. "अगं बाई. हा तर म्हातारा झालाय." मग बादलीच्या कडीची एक बाजू पकडून म्हणाली, "धरा. हलवू नका जास्त. गाडीला काय, तिला मेलं जीव थोडाच आहे, राहील तिथे."

जाळीखाली गारवा होता. ओल्या मातीचा, पानांचा, शेणखताचा दाट वास. रोपं बुडवायच्या मोठ्या घमेल्यात बाईने हौदातलं पाणी ओतलं आणि त्यात बादली बसवली, बाहेरून गार लागावी म्हणून. तिथे एक नर्स कुंडी निवडत उभी होती, रात्रपाळी करून घरी निघालेली, डोळ्यांखाली काळं, पण वाकून तिने माशाकडे असं पाहिलं की जणू रुग्णाच्या पलंगाशी उभी आहे. "श्वास फार भरभर चाललाय," ती म्हणाली. "हवा कमी पडतेय त्याला. पाणी हलतं ठेवायला हवं. मावशी, पेला आहे?" पेला आला. नर्सने बादलीतलंच पाणी पेल्यात घेतलं, हात उंच केला आणि बारीक धारेने परत बादलीत सोडलं. फेसाचे मणी उठले, फुटले. पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. मासा दचकून खाली गेला, परत वर आला, धारेच्या बाजूला सरकला आणि तिथेच राहिला.

मग कुणी कुणाला न सांगता पाळ्या लागल्या. नर्सचा हात दुखला की रोपवाटिकेतली बाई. तिचा दुखला की ती स्वतः. मध्येच गाद्यांचा एक टेम्पो येऊन थांबला. चालक तोंड धुवायला म्हणून हौदाकडे आला होता, बायकांचा घोळका बघून जवळ आला. जाडजूड, मिशाळ, गळ्यात टॉवेल. त्याने आधी बाहेर जाऊन तिच्या गाडीचं बॉनेट उघडून पाहिलं आणि परत येऊन सांगितलं, "पंख्याचा पट्टा तुटलाय, काकू. आज रविवार. उद्याशिवाय काही होत नाही." एवढं सांगून जायचं, तर तो टॉवेल खांद्यावर टाकून उकिडवा बसला. "द्या इकडे. सिस्टर, तुम्ही झोपेत ओतताय, त्याच्या डोक्यावर पडतंय." नर्स म्हणाली, "बोलू नका, ओता." "तोंड आणि हात वेगवेगळे आहेत माझे. माझ्या लग्नात एवढी माणसं पाणी वाढायला नव्हती." बाई हसली. ती मात्र हसली नाही. तिने खाली बघत म्हटलं, "मी त्याला खायला घातलं सकाळी. घालू नका म्हणून सांगितलं होतं."

धार पडत राहिली. मग बाई घमेल्यातलं कोमट झालेलं पाणी काढून गार भरता भरता म्हणाली, "मग? घरातल्याला उपाशी कोण धाडतं?" आणि विषय तिच्यापुरता संपला. ती मात्र त्या वाक्यापाशी अडकून राहिली. उत्तर इतकं साधं होतं की त्यात शिरायला तिला जागा सापडेना. घरातला. हा शब्द तिने त्याला कधी लावला नव्हता. तो घरात होता, नवऱ्याचा होता, खोलीतल्या अंधारात रात्री पेटीचा दिवा जळायचा आणि कुशीवरून कुशीवर वळताना भिंतीवर पाण्याची सावली हलताना दिसायची. नवरा गेल्यावर वर्षभर त्याला खाणं घातलं, पाणी बदललं, आणि तरी एकदाही स्टूल ओढून समोर बसली नाही. बसली असती तर काय झालं असतं? वर्षभर त्या घरात दोघंच होते, ती आणि तो, आणि दोघंही एकाच माणसाच्या आवाजाला सोकावलेले.

टेम्पोवाला ओतता ओतता पुटपुटत होता. "घे रे राजा. घे. हां, असं. कुठं जायचंय तुला, हां? घे." त्याचं त्यालाही कळत नव्हतं. नर्सही मघाशी तसंच काही म्हणत होती, बाळाला औषध पाजताना म्हणतात तसं, झालं झालं, थोडंच राहिलं. तिने पेला हातात घेतला. हात उंच, धार बारीक. खाली दुधाळ पाठ, केशरी कड, उघडमीट होणारं तोंड. ती ओतत राहिली, आणि मग तिचे ओठ हलताहेत हे तिला जाणवलं. "बरं आहे," ती म्हणत होती. "बरं आहे हां. आता गार वाटेल. ऊन फार आहे ना बाहेर. पट्टा तुटला बघ गाडीचा. काटा बघायला हवा होता मी. नाही बघितला." बारीक, सलग, घशातल्या घशात. तिचा हात थांबला नाही, पण आत काहीतरी थांबलं. म्हणजे हे होतं होय. दडवून ठेवलेलं काहीच नव्हतं. तो काय सांगत असेल त्याला, ऊन फार होतं आज, तीन नंबरचा काटा सारखा थरथरत होता, ही अजून भांडी घासतेय. जो उलटून काही विचारत नाही, त्याच्यापाशी सांडतं तेवढंच. आणि ती? ती ओले हात पुसत दारात यायची ती प्रश्न घेऊन यायची, कमरेवर हात ठेवून, काय बोलत होतास म्हणून. एकदाही दुसरं स्टूल ओढून शेजारी बसली नाही. या विचाराने तिला रडू आलं नाही. छातीत दुखलंही नाही. घर बदलताना कपाट सरकवावं आणि मागे भिंतीचा मूळचा रंग दिसावा, तसं ती त्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तो तिथेच होता.

माशाचा श्वास जरा सावरला होता. नर्स उठली, तिची कुंडी घेतली, जाताना तिच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "थांबू देऊ नका पण. थांबलं की परत चढेल धाप." तिची स्कूटर गेली. टेम्पोवाल्याने मिशीवरून ओला हात फिरवला. "काकू, मी गाद्या पोचवून परत निघालोय. तुमच्या शहरातच. चला, घरी सोडतो तुम्हाला नि तुमच्या पाहुण्याला. गाडीचं उद्या बघा."

घरी. तिच्या डोळ्यांपुढे घर आलं, दुपारचं, शांत, आणि आज पहिल्यांदाच त्या शांततेत शिरायची तिला घाई झाली. आत जायचं, स्टूल ओढायचं, बसायचं. बोलायचं नाही फार. हा इथेच राहू दे, दिराला काहीतरी सांगता येईल, तो काही म्हणायचा नाही. ती उठूनसुद्धा उभी राहिली. आणि मग तिला पेटी आठवली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलेला तो तडा. मोरीत टेकून ठेवलेली, कोरडी पडलेली काच. कुठे ठेवला ते न आठवणारा हवेचा पंप. घरी बादलीच होती फक्त. आणि मागची वाट लांबची. पुढे, जवळ, मुरलेलं पाणी होतं, लावलेला पंप होता, त्याच्यासाठी बुडबुडे सोडत.

"काय काकू? निघायचं?"

बाईने पेला तिच्या हातून घेतला होता आणि ओतत होती. त्या धारेचा आवाज ऐकत ती उभी राहिली. कुणाकडे काही मागायची वेळ तिच्यावर फारशी आली नव्हती. आली तेव्हा तिने ती टाळली होती.

"मागे नको," ती म्हणाली. "पुढे सोडाल मला? तुमची वाट उलटी होईल. दिराकडे जायचंय. तिथे त्याची पेटी तयार आहे. घरी... घरी त्याला राहायला जागा नाही आता."

टेम्पोवाल्याने रस्त्याकडे पाहिलं, एकदा या बाजूला, एकदा त्या. "बायको आज ओरडणार," तो म्हणाला. "ओरडू दे, तिलाही काहीतरी काम हवं." मग टेम्पोची मागची फळी उघडली. कुणी ऐनवेळी नाकारलेली एक गादी आत शिल्लक होती. त्याने ती आडवी पसरली, बादली मध्ये बसवली, बाजूंनी पोती लावली. बाईने पेला पुन्हा तिच्या हातात दिला. "असू दे," म्हणाली, "लागेल." तिच्या गाडीच्या किल्ल्या बाईने आपल्या पदराला बांधून घेतल्या. "उद्या येऊन न्या. एखादं रोप घेऊन जा तेव्हा. नाही घेतलंत तरी चालेल."

टेम्पो सावकाश चालला होता, खड्डा आला की आणखी सावकाश. ती गादीवर पाय दुमडून बसली होती, एक हात बादलीच्या काठावर आणि दुसऱ्याने धार धरलेली. मागे फळीवरून रस्ता उलगडत जात होता, तिचं शहर आणखी मागे, आणखी मागे. ती बोलत होती. कारखान्यात नवं यंत्र आलंय, सुरी आपोआप फिरते, आता मोजा लागत नाही. जिन्यातला दिवा गेलाय. वाऱ्याने शब्द उडत होते आणि तिला ते वाया जाताहेत असं वाटत नव्हतं. खांदा भरून आला तरी तिने हात बदलला नाही. मासा खाली होता, पंख सावकाश हलवत, मध्येच वर येऊन धारेखाली थांबत. हे पाणी त्या पाण्यात मिसळेपर्यंत तो तिचा होता. त्यानंतर तो जगणार होता, तिच्याशिवाय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि तिला कुठलीच नको म्हणता येत नव्हती.

दीर फाटकाशीच उभा होता. तिच्या गाडीची वाट बघत होता. टेम्पो थांबला तेव्हा त्याने दुसरीकडे पाहिलं, मग मागे बसलेली ती दिसली, भिजलेली, केस सुटलेली, आणि तो धावत आला. "वहिनी, काय झालं? तुम्ही बऱ्या आहात ना?"

"आहे. जिवंत आहे," ती म्हणाली, आणि त्याने कुणाबद्दल विचारलं होतं ते मागाहून तिच्या लक्षात आलं.

टेम्पोवाला पाणीसुद्धा न पिता वळला, हॉर्न वाजवून गेला. दीर बादलीत बघत होता. बराच वेळ. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि आज पहिल्यांदा वर बघून थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्याच्या भिवया अगदी नवऱ्यासारख्या होत्या, हे तिला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. "द्या," तो म्हणाला आणि कडीला हात घातला. तिने कडी सोडली नाही. सोडायची होती, बोटं ऐकेनात. दीर ओढत नव्हता. नुसता धरून उभा होता.

"वरच्या मजल्यावर आहे," तो हळूच म्हणाला. "जड आहे, वहिनी. मी नेतो."

"दोघं नेऊ," ती म्हणाली.

जिना अरुंद होता. तो एक पायरी वर, ती एक पायरी खाली. पाणी आधी त्याच्या बाजूला गेलं, मग तिच्या. "हळू," ती म्हणाली. "हां," तो म्हणाला. वरच्या खोलीतून पंपाचा आवाज येत होता.